सर्वानुमते मंजूर

मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये आमच्या सोसायटीची एजीएम, म्हणजे वार्षिक सभा झाली आणि त्यात मी एका ठरावासाठी हात वर केला, ते मला अजून खुपतंय. बरेच दिवस मनात होतं की हे लिहायचं, पण नीट सांगता येईल की नाही कळत नव्हतं, आज बसलेय.

मुलुंड पूर्वेला आमची बिल्डिंग, सात मजले, २८ फ्लॅट, लिफ्ट एकच. मीटिंग नेहमीसारखी खाली स्टिल्टमध्ये, म्हणजे बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये, दोन गाड्या बाहेर काढून जागा केलेली, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, बाहेर धो धो पाऊस, बाजूच्या टेबलावर सामोशाचे खोके. हिशोब वाचून झाले, मग गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवर पाऊण तास गेला कारण सातव्या मजल्यावर गळतं आणि बाकीच्यांकडे गळत नाही, आणि सगळे पार कंटाळल्यावर शेवटी आलं ते अजेंड्यावरचं नेहमीचं वाक्य, अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय. कमिटीतल्या एकांनी विषय काढला की लिफ्ट सारखी बंद पडतेय, सकाळी शाळा-ऑफिसच्या वेळेला खाली लाईन लागते, तर सकाळी सात ते अकरा कामवाल्या बायका आणि डिलिव्हरीवाल्यांनी जिन्याने जावं. सूचक कोण, अनुमोदक कोण, दोन नावं पटकन आली. "कोणाची हरकत?" असं विचारलं आणि दोन-तीन सेकंद कोणीच काही बोललं नाही. मग पुढच्या रांगेतले हात वर गेले, मधल्या रांगेतले गेले, आणि माझाही गेला.

मला ते पटलेलं होतं का? अजिबात नाही. माझ्या डोळ्यासमोर त्याच क्षणी आमच्या मावशी आल्या होत्या, हे मी अगदी शपथेवर सांगते. मावशी भांडुपहून येतात, पंचावन्नच्या पुढच्या आहेत, चौथा, सहावा आणि सातवा अशी तीन घरं करतात, सहावं आमचं. गुडघे दुखतात म्हणून लादी पुसताना खाली बसत नाहीत, मी काठीचा मॉप आणून दिलाय. म्हणजे मला सगळं माहिती होतं. तरी हात वर गेला. मिनिट्समध्ये लिहिलं गेलं, ठराव सर्वानुमते मंजूर.

मी मावशींना काही सांगितलं नाही. सोमवारी वॉचमननेच त्यांना गेटवर सांगितलं. त्या आल्या त्या धापा टाकत, दारातच भिंतीला हात टेकून उभ्या राहिल्या, पाणी मागितलं, अर्धा तांब्या संपवला आणि मग शांतपणे विचारलं, "ताई, मीटिंगला तुम्ही पण होता का?"

"हो."

"मग?"

मी म्हणलं, "सगळ्यांनी ठरवलं मावशी."

त्यांनी "बरं" एवढंच म्हणलं आणि भांड्यांकडे गेल्या. चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला. दिवसभर बँकेत काउंटरवर बसून माझ्या डोक्यात तो "मग?" फिरत होता. कारण मी जे सगळे सगळे म्हणत होते त्यातली एक मीच होते ना.

बी.ए.ला माझं सायकॉलॉजी होतं. त्यातलं आता फारसं आठवत नाही, पण एक प्रयोग कधीच विसरले नाही, सॉलोमन आश या मानसशास्त्रज्ञाचा. १९५१ मध्ये त्याने तो पहिल्यांदा छापला, अमेरिकेतल्या स्वार्थमोर कॉलेजात तो शिकवायचा. एका खोलीत सात-आठ कॉलेजची मुलं बसवायची, दोन कार्ड दाखवायची. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन, आणि विचारायचं की यातली कोणती रेघ पहिलीएवढी आहे. उत्तर इतकं सोपं की एकट्याला विचारलं तर शंभरात एकदासुद्धा चुकत नाहीत. गंमत अशी की खोलीतला एकच मुलगा खरा, बाकी सगळे आशने आधीच पढवून ठेवलेले, आणि खऱ्या मुलाला मुद्दाम शेवटच्या आसपास बसवलेलं. १८ वेळा कार्ड दाखवायची, त्यातल्या १२ वेळा पढवलेले सगळे मोठ्याने, ठामपणे, एकच चुकीचं उत्तर द्यायचे. मग पाळी त्या बिचाऱ्या मुलाची. डोळ्याला एक दिसतंय, कानावर सलग सहा-सात वेळा दुसरं पडलंय.

साधारण एक तृतीयांश वेळा मुलांनी चुकीचं उत्तर दिलं. निदान एकदा तरी वाहवत गेलेले चारात तीन होते. आणि कोणी धमकी दिलेली नव्हती, बक्षीस नव्हतं, सगळा मामला त्या खोलीपुरता. आम्हाला तर एकमेकांची तोंडं रोज लिफ्टमध्येच बघायचीयत.

नंतर त्या मुलांना विचारलं की का रे बाबा असं केलंस, तर काही म्हणाले की आपल्याच डोळ्यात काहीतरी बिघाड असेल असं वाटलं, काही म्हणाले कळत होतं चुकतंय पण उगाच वेगळं कशाला दिसायचं. मी दुसऱ्या प्रकारातली. मला कळत होतं.

पण पहिल्या प्रकारातलीही मी एकदा होते, आणि ते मुंबईत त्या काळी असलेल्या प्रत्येकाला आठवत असेल. २१ सप्टेंबर १९९५, गुरुवार. मी आठवीत होते, लालबागला चाळीत राहायचो. गणपती दूध पितोय अशी बातमी सकाळीच आली, कुठून आली देव जाणे, तेव्हा आमच्यात कोणाकडे मोबाईलसुद्धा नव्हते, तरी दुपारपर्यंत अख्ख्या देशात पोचली होती. आई वाटीत दूध आणि चमचा घेऊन निघाली, मी मागे. देवळाची लाईन पार रस्त्यापर्यंत, डेअरीत दूध संपलेलं. तास-दीड तास उभं राहून आत गेलो. मी चमचा सोंडेला लावला, आणि खरंच, दूध कमी कमी होत गेलं. मी ओरडले, "प्यायला!" मागच्या बायकांनी जोरात "गणपती बाप्पा मोरया" केलं. अंगावर काटा आला होता माझ्या, तो खोटा नव्हता.

पण त्याच वेळी मी आणखी काहीतरी बघितलं होतं. मूर्तीच्या पोटावरून पातळ पांढरा ओघळ खाली येत होता, आणि खालची फरशी माझ्या अनवाणी पायांना चिकट लागत होती. हे मी घरी आल्यावर कोणाला सांगितलं नाही. बाबांनी विचारलं, "खरंच प्यायला का गं?" आणि मी हो म्हणलं. दुसऱ्या दिवशी शाळेतही तेच सांगितलं. खोटं बोलत होते असं मला तेव्हा बिलकुल वाटलं नाही, म्हणजे तो ओघळ जणू हिशोबातच धरला नाही मी. नंतर शास्त्रज्ञांनी सांगितलं की हा पृष्ठताणाचा प्रकार, ओल्या दगडाला चमच्यातलं दूध टेकलं की ते ओढलं जातं आणि पातळ थर होऊन खाली वाहतं, दिल्लीत तर दुधात रंग घालून तो ओघळ लोकांना दाखवला. श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचं नाहीये, मी आजही संकष्टी करते आणि मनापासून करते. मला प्रश्न पडतो तो त्या चिकट फरशीचा. तेरा वर्षांच्या मुलीला पायाखाली दूध लागतंय, आणि तिच्या मागे उभ्या असलेल्या शंभर बायकांमुळे ते तिला लागत नाही, हे कसं होतं?

(अकरा वर्षांनी, ऑगस्ट २००६ मध्ये, माहीमला समुद्राचं पाणी गोड झालं म्हणून लोक बाटल्या भरून नेत होते, पालिका पिऊ नका पिऊ नका सांगत होती. तेव्हा मी नोकरीला लागले होते, गेले नाही, पण ऑफिसमध्ये कोणीतरी बाटली आणली होती आणि ती हातोहात फिरली हे आठवतंय.)

आणि मला हे फार नंतर वाचायला मिळालं की आशला स्वतःला असाच अनुभव लहानपणी आला होता. तो वॉर्सात जन्मलेला, १९०७ चा. सात वर्षांचा असताना ज्यू लोकांच्या पासओव्हर सणाच्या रात्री आजीने वाईनचा एक जास्तीचा पेला भरून ठेवला. कोणासाठी, तर प्रेषित एलायजा येतो आणि त्यातला घोट घेतो म्हणून. काका म्हणाला, नीट लक्ष ठेव. हा टक लावून बसला आणि त्याला वाटलं, हो, पेल्यातलं थोडंसं कमी झालं खरं. वॉर्सातला पेला आणि लालबागमधला चमचा. वाचलं तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवून आईला फोन केला होता आणि तिला हे सांगितलं. आई म्हणाली, "मला पण फरशी ओली दिसली होती गं, पण म्हणलं तू एवढी खूश आहेस."

म्हणजे बघा. मी शंभर बायकांकडे बघत होते आणि आई माझ्याकडे बघत होती.

लोकांच्या नादाने माणूस वागतो हे काही नुसतं वाईटच असतं असं माझं म्हणणं नाही. मुंबई त्यावरच चाललीये. लेडीज डब्यात चढलं की पहिला प्रश्न "कुठे उतरणार?", ज्या बाईने घाटकोपर सांगितलं तिची सीट आपण घाटकोपरपासून धरली, आणि मधेच तिसरीच कोणी येऊन बसायला गेली तर आजूबाजूच्या चार जणी न सांगता तिला सांगणार की ही सीट त्यांना दिलीये. हा नियम रेल्वेच्या कुठल्या पाटीवर नाही. चौथी सीटही तशीच, तिघींच्या बाकावर चौथी येऊन नुसती उभी राहिली तरी तिघी सरकतात. मी लग्नानंतर पहिल्यांदा मुलुंड ते सीएसएमटी रोज जायला लागले तेव्हा कोणी शिकवलं नाही मला, आठवड्याभरात एक-दोन नजरा पडल्या आणि आपोआप आलं सगळं.

आणि २६ जुलै. २००५ ला मी अंधेरीला पहिल्या नोकरीत होते. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला तो दिवस. संध्याकाळी ऑफिसमधून आम्ही पाच जणी चालत निघालो, हायवेने, मला लालबागला पोचायला पहाट झाली. वाटेत एक गल्ली लागली, नक्की कुठली ते अंधारात कळलं नाही, तिथे एका तळमजल्याच्या खिडकीतून एक बाई स्टीलच्या पेल्यातून चहा देत होती, एकटीच. आम्ही प्यायलो, पाच मिनिटं टेकलो. तेवढ्या वेळात समोरच्या घरातून कोणीतरी बिस्किटं आणली, बाजूच्याने टेबल बाहेर काढलं, एका मुलाने मेणबत्त्या लावल्या, कोणी म्हणलं आमच्याकडे बाथरूमला जाऊन या मुलींनो. निघालो तेव्हा अख्खी गल्ली बाहेर होती. ते सगळे लोक काय अर्ध्या तासापूर्वी चांगले नव्हते? होतेच की. दारामागे उभे राहून बघत असतील, करावं का, कोण करतंय का. त्या बाईने खिडकी उघडली म्हणून बाकीच्यांची दारं उघडली.

तर परत आमच्या बिल्डिंगकडे येते.

दिवाळीच्या आधी मी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे चकलीचा सोऱ्या आणायला गेले, माझ्या सोऱ्याची चकती हरवली होती. त्या भाजणी मळत होत्या, मी स्टुलावर बसले, विषय कसा निघाला आठवत नाही पण मी म्हणून गेले की काकू, तो लिफ्टचा ठराव मला काही पटला नव्हता. काकूंचे हात थांबले. म्हणाल्या, "अगं मला तरी कुठे पटला होता. त्या बिचाऱ्या बायका. पण तू हात वर केलास ना, मी तुझ्याकडेच बघत होते. म्हणलं ही बँकेत आहे, चार लोकांत वावरते, हिला बरोबर वाटतंय म्हणजे काहीतरी असेल. तुझा हात बघून मी केला."

मला तिथे बसवेना. मी आजपर्यंत स्वतःला अशी समजत होते की बाकीच्यांमुळे माझा हात वर गेला, म्हणजे मी ढकलली गेले. आणि इथे मी ढकलणारी निघाले. काकूंच्या दृष्टीने मी त्या पढवलेल्या मुलांतली एक होते, ठामपणे चुकीची रेघ सांगणारी.

याच्यावरही अभ्यास झालेत. १९९३ मध्ये प्रेंटिस आणि मिलर या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या मुलांना विचारलं की कॅम्पसवर जे दारू पिणं चालतं त्याबद्दल तुम्हाला स्वतःला काय वाटतं आणि बाकीच्यांना काय वाटत असेल. बहुतेकांचं उत्तर साधारण असं की मला थोडं खटकतं, पण बाकीच्यांना चालतं. सगळेच असं म्हणत असतील तर ते चालणारे बाकीचे कोण? जो तो गप्प, आणि दुसऱ्याचं गप्प बसणं म्हणजे त्याची संमती असं धरून चाललेला. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ठरावाचा मेसेज आला तेव्हा खाली अकरा अंगठे होते, त्यातला एक काकूंचा होता. माझाही होता.

त्यानंतर मी आठवडाभर एकेकाशी बोलले. मुद्दाम मोहीम वगैरे काढली नाही, लिफ्टमध्ये, गेटवर, दिवाळीचा फराळ देताना. पाचव्या मजल्यावरच्या काकांना खरोखरच ठराव हवा होता, त्यांनी कारणंही सांगितली, त्यांना हृदयाचा त्रास आहे, एकदा पंधरा मिनिटं खाली उभं राहावं लागलं होतं, आणि ते मला पटलंसुद्धा. पण नऊ घरांतून मला "नाही गं, तेव्हा काही बोलले नाही" किंवा "आता सगळ्यांनीच केलं म्हणून" अशीच उत्तरं आली. नऊ! आम्ही त्या दिवशी स्टिल्टमध्ये सगळे मिळून वीसेक जण होतो.

स्पेशल मीटिंग मागायला एक पंचमांश सभासदांच्या सह्या लागतात, म्हणजे २८ मध्ये ६. सह्या मिळाल्या. पण सह्या देणं वेगळं आणि खुर्चीवर बसून सगळ्यांसमोर तोंड उघडणं वेगळं, हे मला माहिती होतं, आणि मीटिंगच्या आदल्या रात्री मला झोप लागली नाही. एवढ्याशा गोष्टीला घाबरायचं काय असं नवरा म्हणाला. मला वाटतं ही एवढीशी गोष्ट नसते. ज्यांच्यात रोज राहायचं त्यांच्या विरुद्ध उभं राहायचं म्हणजे पोटात गोळा येतोच, माणूस काय आज टोळीने राहायला लागलाय का.

आशने नंतर त्याच प्रयोगात बरेच बदल करून बघितले. त्यातला एक मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पढवलेल्या मुलांतल्या एकाला त्याने सांगितलं की तू बरोबर उत्तर दे. बाकी सगळे चुकीचे, फक्त हा एक बरोबर. तेवढ्याने त्या खऱ्या मुलाचं वाहवत जाणं जवळजवळ चौथ्या हिश्श्यावर आलं. बहुमत तेवढंच होतं, फक्त एक माणूस बाजूला आला. आशचा एक सहायक होता, स्टॅन्ली मिलग्रॅम, त्याने पुढे येल विद्यापीठात तो विजेच्या झटक्यांचा प्रयोग केला, साहेब सांगतोय म्हणून माणूस समोरच्याला कुठपर्यंत झटके देतो ते बघायला. झटके खोटे होते पण देणाऱ्याला ते माहिती नव्हतं. ४० पैकी २६ जण थेट शेवटच्या ४५० व्होल्टपर्यंत गेले. हा आकडा सगळ्यांना माहिती असतो. पण त्यानेही एक बदल केला, की शेजारी आणखी दोन जण बसवले आणि ते मधेच उठून म्हणाले आम्ही नाही करणार. तेव्हा ४० पैकी फक्त ४ शेवटपर्यंत गेले. माझ्या मते कॉलेजात हा दुसरा आकडा जास्त शिकवायला हवा. पहिल्याने माणूस हताश होतो नुसता.

तर मीटिंग. नोव्हेंबरचा दुसरा रविवार. विषय वाचला गेला, आणि मी बोलणार इतक्यात तळमजल्यावरच्या आजी उभ्या राहिल्या. ऐंशीच्या पुढच्या, फ्लॅट त्यांच्या नावावर, एरवी मीटिंगला येऊन फक्त सही करतात. त्यांना लिफ्टशी काही घेणंदेणंच नाही, तळमजला. खुर्चीच्या पाठीला धरून म्हणाल्या, "मी त्या दिवशी हात वर केला, ती माझी चूक झाली. माझी सून म्हणाली कर म्हणून केला. माझी आई दुसऱ्यांच्या घरी भांडी घासायची. मला ठराव नको." आणि बसल्या.

स्टिल्टमध्ये एवढी शांतता की वरच्या मजल्यावरच्या कुकरची शिट्टी ऐकू आली. मी म्हणलं, "मी अनुमोदन देते." आवाज फुटत नव्हता पण दिला. मला खूप दिवसांपासून वाटत होतं की आपण पहिलं बोलायला पाहिजे, आणि खरं सांगायचं तर आजींनी माझं काम इतकं सोपं केलं की दुसरं असण्यात काहीच कठीण नव्हतं. मग तिसऱ्या मजल्यावरच्या काकू, मग सातव्या मजल्यावरचा एक तरुण मुलगा. त्यानेच सुचवलं की हात नको, चिठ्ठ्या टाकूया. कोणाला नाही म्हणायला कारण नव्हतं. (आशनेही हे करून बघितलं होतं, बाकीचे बोलून दाखवतायत पण तू तुझं उत्तर कागदावर लिही, तर मुलं कितीतरी जास्त वेळा बरोबर लिहायची.) वहीची पानं फाडली, सामोशाच्या रिकाम्या खोक्यात चिठ्ठ्या टाकल्या. १९ मतं, ठरावाच्या विरुद्ध १४, बाजूने ५. तीन महिन्यांपूर्वी हाच ठराव सर्वानुमते मंजूर झाला होता, आणि माणसं जवळजवळ तीच होती.

पाचव्या मजल्यावरच्या काकांसाठी वेगळं ठरलं, त्यांनी इंटरकॉमवर कळवलं की लगेच वॉचमन लिफ्ट त्यांच्यासाठी धरून ठेवतो. एवढं साधं होतं ते. ऑगस्टमध्ये कोणी बोललं असतं तर ऑगस्टमध्येच सुचलं असतं.

सोमवारी मी मुद्दाम खाली उतरून मावशींना सांगायला गेले. म्हणलं, मावशी, तो नियम काढला, आता लिफ्टने यायचं. त्यांनी मान हलवली, हसल्या, आणि जिन्याकडे वळल्या. "राहू दे ताई. आता सवय झाली. उगाच परत कोण काय बोलायचं." मी खूप सांगितलं. दुसऱ्या दिवशीही जिना, तिसऱ्या दिवशीही जिना.

डिसेंबरात चौथ्या मजल्यावर एक नवीन मुलगी कामाला लागली, विशीतली असेल. तिच्या वेळेला तो नियम नव्हताच, तिला कोणी तो सांगितलेलाही नव्हता. तरी ती जिन्याने. मी विचारलं तर म्हणाली, "मावशी जातात ना, म्हणलं इथं असंच असेल."

१९६१ मध्ये जेकब्स आणि कॅम्पबेल यांनी केलेला एक प्रयोग आहे, अंधाऱ्या खोलीत एक स्थिर प्रकाशाचा ठिपका दाखवायचा, अंधारात तो हलल्यासारखा वाटतो, किती हलला ते सांगायचं. सुरुवातीला पढवलेली माणसं मुद्दाम फुगवलेला आकडा सांगायची. मग एकेक जुना माणूस काढायचा, एकेक नवा घालायचा, असं करत करत पढवलेला एकही माणूस खोलीत उरला नाही तरी पुढच्या चार-पाच पिढ्या तो फुगवलेलाच आकडा थोडाथोडा उतरत चालू राहिला. कोणी सुरू केलं हे त्यातल्या कोणालाच माहिती नव्हतं. मला ते वाचलेलं आठवलं आणि मी चौथ्या मजल्यावरच्या जिन्यात उभी राहून त्या मुलीकडे बघत राहिले, तिच्या हातात दोन पिशव्या होत्या.

तेव्हापासून माझी सेकंड शिफ्ट असते त्या दिवशी मी आठ-दहाला खाली जाऊन उभी राहते. मावशी आणि ती मुलगी आल्या की तिघी लिफ्टने वर जातो. पहिल्या दिवशी मावशी अगदी कोपऱ्यात, पिशवी छातीशी धरून, बटणाला हात लावेनात. मी म्हणलं, दाबा ना मावशी. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मग सहा दाबलं. दार बंद होता होता कमिटीतले ते गृहस्थ दुधाच्या पिशव्या घेऊन आले, मावशी पटकन बाहेर पडायला निघाल्या, त्यांनी हात आडवा धरला आणि म्हणाले, "अहो कुठे, जागा आहे की, चला." आणि चौथ्याचं बटण त्यांनीच दाबलं त्या मुलीसाठी.

परवा वॉचमन सांगत होता, मी नव्हते त्या दिवशी ती मुलगी एकटीच लिफ्टने वर गेली. मावशी मात्र अजून जिन्यानेच जातात.